पारोशी

मोशी, २ सप्टेंबर १९७९

चि. अरुंधती,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कंपनीत मिळालं. जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसच्या मागे, जुनी खोकी टाकतात तिथे बसून वाचलं. पुढेही कंपनीच्याच पत्त्यावर घाल. घरचं टपाल हल्ली मागेपुढे होतं.

तुझ्याबद्दल इथे कोणी विचारलं की मी सांगायला लागतो. माझी धाकटी बहीण कॅन्सरची डॉक्टर, मुंबईचं चांगलं चाललेलं काम सोडून टांझानियाला गेली आहे. तिथे मशीन आलं पण चालवणारी माणसं नाहीत, म्हणून ती तिथल्या नर्सना शिकवते, पगार घेत नाही. एवढं सांगेपर्यंत भोंगा होतो. ऐकणारा उठता उठता विचारतो, ‘लग्न झालंय का?’

तुझी ती नीमा आता कशी आहे? पेशंटच्या अंगावर पहिल्यांदा रेघ ओढताना रडली होती, ती. तिच्याबद्दल लिहीत जा. माझं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. पण शिकणारं माणूस रडतं तेव्हा त्याला खरं काहीतरी कळायला लागलेलं असतं, एवढं मला कळतं.

एक विचारायचं होतं. आमच्या टूलरूममध्ये अन्वर नावाचा फिटर आहे, चिखलीचा. सज्जन माणूस. त्याच्या बायकोच्या, झुलेखाच्या, डाव्या छातीत गाठ आहे. आधी चिंचोक्याएवढी होती. दुखत नव्हती म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. आता लिंबाएवढी झाली, भाकरी थापताना हात मधेच थांबतो, तेव्हा घरात कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तेच आहे. माणूस यातून उठतं का? खरं लिही. अन्वर सोसेल.

घरी सगळं ठीक. तुझी भाची चित्रा थेरगावला तिच्या सासरी सुखात आहे. सुमन ठीक. पाणी भरायला हल्ली शेजारच्या मारुतरावांची सून येते.

सुमनचं आणि तुझं जे झालं त्याला आठ वर्षं होतील. तू वॉर्डातून रजेवर यायचीस आणि ती परसदारी बादली भरून ठेवायची. ‘वन्सं, आधी डोक्यावरनं पाणी घ्या. तसल्या जागेवरनं पारोशा आत येऊ नका.’ मार्गशीर्षातली थंडी. दोनदा तू मुकाट्याने अंगावर पाणी घेतलंस. तिसऱ्यांदा बॅग उचललीस आणि फाट्यावर मिळेल त्या एसटीत बसलीस. तो रोग कपड्यांना चिकटून घरात येतो असं तिला वाटायचं. अजूनही वाटतं का, ते मी विचारलेलं नाही. पण मी हे सगळं आज का लिहितो आहे कोण जाणे. राहू दे.

तुझा,
दादा

मोशी, १० ऑक्टोबर १९७९

चि. अरुंधती,

एका परक्या बाईसाठी तू चार पानं लिहिलीस. मी ती इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. अन्वरलाही वाचून दाखवली.

झुलेखाचं ऑपरेशन झालं. आता कोबाल्टचे किरण सुरू झाले आहेत. इथे सगळे त्याला शेकच म्हणतात. अन्वरला रजा मिळत नाही म्हणून मीच तिला रोज पुण्याला नेतो. सेकंड शिफ्ट मागून घेतली आहे. सकाळी तिला नेऊन आणतो आणि दुपारी तसाच भोसरीला कंपनीत जातो. दमायला होतं, पण बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली तर ती खांद्यावर डोकं टेकून झोपते, तेवढंच बरं वाटतं.

बाहेरच्या बाकावर नगर, सातारा कुठून कुठून माणसं आलेली असतात. कोणी कोणाला रोगाचं नाव विचारत नाही. ‘तुम्हाला किती शेक सांगितलेत?’ एवढंच विचारतात. आतला टेक्निशियन भला माणूस आहे, पण त्याला मान वर करायला वेळ नाही. त्याने तिच्या छातीवर, काखेपर्यंत, जांभळ्या शाईने चौकोन काढला आणि म्हणाला, ‘मावशी, पाणी लागता कामा नये हां.’ का, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, ‘म्हणजे आंघोळच न्हाई? मग पारोशा अंगानं देवापुढं दिवा कसा लावू?’

तेव्हापासून ती देवघराच्या बाहेर बसते. ओल्या फडक्याने हातपाय पुसते. आपलं ताट, आपला तांब्या तिने वेगळा काढून ठेवला आहे. सांगून ऐकत नाही.

तू लिहितेस, ‘मी त्यांना रेघ ओढायला नंतर शिकवते, आधी माणसाशी बोलायला शिकवते.’ इथेही असं कोणी शिकवायला हवं होतं, असं बाकावर बसल्या बसल्या मनात येतं. मग दुसरं मनात येतं, की शिकवणारं माणूस आपल्याच दारातून निघून गेलं. मग मी खिशातली माळ धरतो.

तुझा,
दादा

मोशी, २५ ऑक्टोबर १९७९

चि. अरुंधती,

दिवाळी झाली. फराळाचं वगैरे नंतर लिहीन. आधी हे वाच आणि लगेच उत्तर दे.

नरकचतुर्दशीला मला जाग आली तेव्हा न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. झुलेखाने तेल लावून, उटणं लावून, डोक्यावरून आंघोळ केली. वर्षाचा सण, त्या दिवशी पारोशी राहिले तर नरकातच जाईन म्हणाली. इस्पितळाला सुट्टी होती, म्हणून तिला वाटलं एवढ्या दिवसांत काय होतंय. पाणी पुसून बघते तर छाती कोरी. रेघ नाही, खूण नाही.

घाबरली. कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात टाइम ऑफिसची कॉपिंग पेन्सिल असते, ओली केली की जांभळी उमटणारी. ती काढली, जिभेला लावली, आणि भिंतीवरचा आरसा मांडीवर घेऊन, आरशात बघून चौकोन परत काढला. अगदी तसाच रंग. सुट्टीनंतर त्याच रेघांवर शेक घेतले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या आलं. म्हणजे अन्वरच्या. काखेकडची रेघ आधी वर होती, आता बोटभर खाली आली आहे. आरशात डावं-उजवं उलटं होतं, तसंच काहीतरी झालं असणार. विचारलं तेव्हा रडली. म्हणाली, ‘तिथं सांगू नका. हाकलून देतील. म्हणतील, एवढं सांगून कळत न्हाई व्हय? जा मग घरी मरायला.’ गळ्याची शपथ घातली आहे.

रोज ती आत जाते, लोखंडी दार लागतं आणि मी बाहेर बसतो. शेक जिथे पडायला हवा तिथे पडतो की नाही, हे देवाला ठाऊक. शपथ मोडू का? आयुष्यात मोडलेली नाही. सांगितलं आणि त्यांनी खरंच शेक बंद केले, तर काय करू?

फार थकलो आहे. अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

तुझा,
दादा

मोशी, ८ नोव्हेंबर १९७९

चि. अरुंधती,

तुझी तार सोमवारी आली. तार म्हटल्यावर सगळं ऑफिस जमलं. इंग्रजी मला जेमतेम, म्हणून नंदकिशोर क्लार्कने ती मोठ्याने वाचून मराठी केली:

‘झुलेखा नरकचतुर्दशीला उटणं लावत नाही. वहिनीला उद्याच इस्पितळात ने. सगळं सांग. कोणी हाकलणार नाही. अरुंधती.’

‘वहिनी’ या शब्दावर तो अडकला. ‘व्ही, ए, एच, आय... हे कुठलं औषध आहे का हो, प्रभाकरराव?’

मी खाली बसलो. अगं, मी किती मूर्ख. दोन महिने खोटं बोलण्यासाठी मन घट्ट केलं, एकादशीला खोटं लिहिताना जीभ चावली, आणि शेवटी मुसलमानाच्या बायकोला अभ्यंगस्नान घातलं. लिहिताना हात थांबलासुद्धा नाही.

अन्वर तिथेच उभा होता. त्याने तार दोनदा वाचून घेतली, माझ्याकडून खरं काय ते काढून घेतलं. मग म्हणाला, ‘म्हणजे भाऊ, तुम्ही दोन महिने माझ्या बायकोला रोज पुण्याला घेऊन जाताय, आणि मला पत्ता नाही?’

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि लगेच डोळे भरले. तेव्हा त्याने सगळ्यांना कामावर पिटाळलं, माझ्यासमोर चहा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘नाव वापरलंत, त्याचं काही नाही. पण खरी झुलेखा घरी ठणठणीत आहे. तिला सांगू द्या. ती दुवा मागेल. वहिनींना उद्या घेऊन जा, सुपरवायझरला मी बघतो.’

सुमननेच मला तुला कळवायचं नाही म्हणून बजावलं होतं. ‘वन्सन्ला कळलं तर म्हणतील, बरी जिरली. मला बादलीनं न्हायला लावत होती, आता बस पारोशी.’ म्हणून हे झुलेखाचं सोंग. घरी गेलो आणि तार तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही हे ठाऊक असून दिली. मग वाचून दाखवली. मला वाटलं होतं, भडकेल. तिने कागद डोळ्यांजवळ धरला.

‘वहिनी लिवलंय?’

‘हो.’

‘कुठं?’

मी बोट ठेवलं. तिने त्यावर आपलं बोट ठेवलं.

‘इंग्रजीत बी वहिनीच म्हणत्यात व्हय?’ म्हणाली. मग म्हणाली, ‘सकाळची एसटी धरू. मीच सांगते. तुमची शपथ तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या.’

आणि तिनेच सांगितलं. टेक्निशियनच्या हातातली पट्टी तशीच राहिली. तो धावत डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हातारे आहेत, कमी बोलतात. त्यांनी चष्मा वर करून त्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, ‘बाई, कुठलं उटणं वापरता? आमची शाई साबणानं आठ-आठ दिवस जात नाही.’ सुमन म्हणाली, ‘घरचं हाय. वाळा, कचोरा, नागरमोथा.’ डॉक्टर हसले. मग हसू आवरून त्यांनी सगळं मोजमाप परत केलं. काखेकडचा भाग मधल्या काळात सुटला होता. तेवढे शेक वाढवून दिलेत. खालची जी कातडी उगाच भाजली आहे ती बरी होईल म्हणाले, पण वेळ लागेल. त्याने काही बिघडलं का, असं मी विचारलं. ‘आज सांगितलंत ते बरं केलंत,’ एवढंच म्हणाले. या उत्तराचा अर्थ तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

निघताना टेक्निशियन सुमनजवळ आला. ‘मावशी, त्या रेघेवरूनच मशीन लावतो आम्ही. रेघ हलली की नेम हलतो. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.’

सुमन त्याला म्हणाली, ‘मी बी इचारायला हवं हुतं, दादा.’

तारेला किती पैसे पडले असतील याचा विचार करत नाही. उपकार मानले तर तू रागावशील.

तुझा,
दादा

मोशी, ९ डिसेंबर १९७९

चि. अरुंधती,

शेक संपले. सुमन घरी आहे. डावा हात सुजलेला असतो, उशीवर ठेवून बसते. जेवण दोन घासांचं. पण परवा स्वतः उठून चुलीपुढे बसली आणि पिठलं बिघडवलं. मी ते मिटक्या मारत खाल्लं.

तुझं लांब पत्र तिला वाचून दाखवलं. आता घरच्या पत्त्यावर लिहायला हरकत नाही.

तू तुझ्या वर्गात सुमनची गोष्ट सांगितलीस, नीमाने ‘उटणं म्हणजे काय’ विचारलं, आणि तुला ते समजावता समजावता तास संपला, हा भाग दोनदा वाचावा लागला. आता तुझ्या मुली रेघ ओढण्याआधी प्रत्येक बाईला विचारतात, ‘तुमच्यात न चुकवता येणारी आंघोळ कधी असते?’ कोणी शुक्रवार सांगते, कोणी बाळंतपणानंतरची सांगते, कोणी घरात मयत झाल्यावरची. मग त्या दिवशी कसं पुसायचं, कुठे पाणी लावायचं, ते तिथेच समजावतात. हे ऐकून सुमनने पदर तोंडाला लावला.

‘म्हंजी माझी फजिती समिंदराच्या पल्याड पोचली!’

‘फजिती कसली? तुझा धडा शिकवतात तिथे.’

‘नाव तरी माझं सांगितलंय का त्या झुलेखाचं?’

मी म्हटलं, तुझंच. तिने पदर खाली घेतला. म्हणाली, ‘मग बरं हाय.’

खरी झुलेखा आली होती. खिरीचा डबा घेऊन आली आणि सुमनच्या पलंगावरच बसली. सुमन अंग चोरून सरकली, ‘लांब बसा, माझं हे असलं.’ झुलेखा म्हणाली, ‘अहो, दोन महिने हे दुखणं माझ्याच नावावर होतं, आता मला कसलं भ्या?’ त्या दिवसापासून सुमनचं वेगळं ताट मांडणीवर सगळ्यांच्या ताटांत आहे.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. सगळं सोडून येऊ का, असं तू लिहिलंस. मला तर ‘ये’ असंच लिहायचं होतं. खरं सांगतो, माझ्यात आता फार बळ उरलेलं नाही. रात्रपाळीहून आलेल्या माणसासारखं दिवसभर डोकं जड असतं. नामस्मरणाला बसतो तर डुलकी लागते. देव माझी झोपच जमा करून घेत असेल, असं म्हणतो. तू आलीस तर दोन घटका कोणाच्या तरी खांद्यावर भार टाकता येईल, असं वाटलं होतं.

पण हे सुमनचं उत्तर. तिने सांगितलं तसं लिहितो:

‘वन्सन्ला लिवा, पोरी अर्ध्या शिकवून निघू नका. अर्धं सांगितलेलं काय करतं ते माझ्या छातीवर हाय. त्यांचं शिकणं पुरं करा. मी काय आज मरत न्हाई.’

शेवटचं वाक्य लिहू नका म्हणाली होती. मी लिहिलं.

तुझा,
दादा

मोशी, २७ जानेवारी १९८०

चि. अरुंधती,

पत्र मिळालं. पहिली तुकडी पुरी झाली, नीमा आता दुसऱ्यांना शिकवणार, आणि मधल्या सुट्टीत तू फाल्गुनात पंधरा दिवसांसाठी येतेस, हे वाचून मी पत्र देवापुढे ठेवलं. सुमनने ते तिथून उचललं आणि उशीखाली नेलं.

आशा फार धरायची नाही, हे तुला सांगायला नको. डॉक्टर दर महिन्याला बोलावतात, दर वेळी गळ्याजवळ चाचपतात, आणि तेवढ्या वेळात मी खोलीतल्या कॅलेंडरवरचा देव पाहत राहतो. परवा त्यांनी ‘सध्या ठीक’ म्हटलं. आम्ही सध्यावर राहतो आहोत. तू आल्यावर तिला स्वतः बघशील आणि मला खरं काय ते सांगशील. किंवा सांगू नकोस. तेव्हा बघू.

मी विचार करत होतो, मुंबईहून येताना तू आधी कुणाकडे उतरावंस, अंग वगैरे धुऊन मग मोशीला यावंस, म्हणजे जुनं काही उगाळलं जाणार नाही. चित्राचं घर थेरगावात आहेच. तिच्याकडे उतर, असं मी पत्रात लिहायला घेतलं. आठ वर्षांची सवय माझीही आहे. सुमन भिंतीला टेकून बसली होती. ‘काय लिवता?’ म्हणाली. मी वाचून दाखवलं.

ती हात सावरत उठली. मागच्या दाराशी गेली. परसात ती जुनी बादली अजून आहे. तिने ती उजव्या हाताने ओढली, कशीबशी आत आणली आणि फडताळाखाली सरकवली. तेवढ्याने धाप लागली. उंबऱ्यातच बसली.

‘ते खोडा,’ म्हणाली. ‘वन्सं इमानातनं उतरल्या की थेट हितंच येतील. फुडच्या दारानं. वॉर्डातल्या कपड्यानं आल्या तरी चालंल. लिवा त्यास्नी, दारात बादली न्हाई.’

तुझा,
दादा